थंड पाण्याची निवळी

विमला गोताड कोहळ्याची फोड कानाने पारखतात. फोड दुसऱ्या कुणाला तरी खायला द्यायची, आपण पाठ फिरवून उभं राहायचं आणि दाताखाली आवाज येतो का ते ऐकायचं. ‘कर्र’ असा आवाज आला की बरण्या भरायला घ्यायच्या. पाठ कशाला फिरवता, असं विचारलं की त्या म्हणतात, “तोंडाकडे बघितलं की माणूस भिडेने बोलतो. गोड हाय, झकास हाय, असं कायतरी. दात भीड धरत नाय.”

पुण्यामुंबईकडे ज्याला पेठा म्हणतात त्याच्या जवळपास जाणारा हा पदार्थ. विमलाबाई मात्र तो सुकवत नाहीत, पाकातच ठेवतात. फोड वरून कुरकुरीत, आतून पाकाने भरलेली असावी लागते. रत्नागिरीला लागून असलेल्या खेडशीत, घराच्या मागच्या पडवीत, त्या आणि शेजारची मैना अशा दोघी मिळून हे काम करतात. विमलाबाईंनी साठी ओलांडली आहे. अंगाने बारीक, बोलायला फटकळ, आणि भांडी घासायला बसल्या की दुसऱ्याने घासलेलं भांडंही पुन्हा घासणाऱ्या.

लांज्याकडून लग्न होऊन त्या इथे आल्या. नवरा रावजी मुंबईत एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये होता, गणपतीला आणि शिमग्याला तेवढा घरी यायचा. तो गेला तेव्हा मुलगा समर्थ शाळेत होता. विमलाबाई रत्नागिरीत लग्नामुंजीच्या स्वयंपाकाला आनंदीबाई नावाच्या आचारीणबाईंच्या हाताखाली जाऊ लागल्या, आणि कोहळ्याच्या फोडी त्यांच्याकडूनच शिकल्या. या फोडींवर समर्थचं शिक्षण झालं, घरावर नवी कौलं चढली. समर्थ आता मुंबईत लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे.

या पदार्थाचा सगळा भरवसा चुन्याच्या निवळीवर असतो. विरवलेला चुना पाण्यात ढवळून ठेवायचा. जाड चुना तळाशी बसतो आणि वर काचेसारखं नितळ पाणी राहतं, तीच निवळी. पाणी नितळ दिसलं तरी त्यात थोडा चुना विरघळलेला असतो. टोचे मारलेल्या फोडी त्यात रात्रभर बुडवायच्या, सकाळी चार पाण्यांनी धुवायच्या आणि मग शिजवायच्या. हा विरघळलेला चुना फोडीच्या गराला बांधून ठेवतो. त्याच्याशिवाय शिजवलेल्या कोहळ्याचा लगदा होतो. आनंदीबाईंची शिकवण थोडक्यात होती: मडकं सावलीत ठेव, विहिरीचं पाणी घाल, निवळी सकाळी काढ. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विमलाबाईंनी विचारलं नाही. पुष्कळ वर्षं तशी गरजही पडली नाही.

गरज पडली ती एका बरणीला बुरशी आल्यामुळे. गोखले नाक्याजवळच्या आत्माराम यांच्या दुकानात विमलाबाईंच्या बरण्या विकायला असतात. गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी एक बरणी परत आणून दिली. पाकावर हिरवट टिकल्या आल्या होत्या. आत्मारामांनी नुसती बरणी टेबलावर ठेवली. आपल्या स्वच्छतेकडे कुणी बोट दाखवलेलं विमलाबाईंना आजवर माहीत नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं की या पडवीत कच्चं पाणी वापरायचं नाही. बरण्या उकळत्या पाण्यातून काढायच्या, फोडी धुवायचं पाणी उकळलेलं हवं, निवळीचंही उकळलेलं हवं.

विहिरीचं पाणी मोठ्या पातेल्यात खळखळून उकळायचं आणि तसंच वाफाळतं चुन्यावर ओतायचं, अशी नवी पद्धत सुरू झाली. तिचा एक फायदाही दिसला. गरम पाण्यात चुना लवकर खाली बसायचा. दुपारी केलेली निवळी संध्याकाळी कोमट असतानाच फडक्यातून गाळता यायची, तळाचा चुना माडाच्या आळ्यात टाकला की मडकं रिकामं. मैना खूश झाली. “काकी, आधीच का नाय केलं असं? गरम पाण्यात साखर कशी झटकन इरघळते, तसा चुना पण चांगला उतरत असणार.”

“तर काय,” विमलाबाई म्हणाल्या. त्यांनाही तेच वाटत होतं.

बुरशी पुन्हा आली नाही. पण फोडींचा आवाज जायला लागला.

तो एका दिवसात गेला असता तर कारण लगेच सापडलं असतं. एखादा घाणा बरा व्हायचा, एखादा मऊ. निवर, जून कोहळा मिळाला की फोड थोडी टिकाव धरायची, कोवळा असला की पाकात पसरायची. विमलाबाईंनी कोहळे बदलून पाहिले, साखर बदलली, मैनाला टोचे कमी मारायला सांगितले. मैना फणकारली, “आता बोटांनीच टोचू काय?” पाणी उकळणं त्यांनी बदललं नाही, कारण ती तर स्वच्छता होती आणि स्वच्छतेने कधी कुणाचं काही बिघडत नाही. उन्हाळ्यात आत्मारामांनी पुन्हा बरण्या परत केल्या, या वेळी खोकं भरून. “विमलाबाई, लोक म्हणतात मुरंबा चांगलाय. अहो, पण मी त्यांना मुरंबा म्हणून नाही ना विकत!”

गणपतीला समर्थ आला तेव्हा ते खोकं पडवीतच होतं. त्याने एक फोड उचलली. विमलाबाईंनी पाठ फिरवली. कसलाही आवाज आला नाही.

“आई, पुरे झालं आता,” तो म्हणाला. “कोहळे उचलायचे, पाणी ओढायचं, आणि हे परत येणार. चल माझ्याबरोबर. दोन खोल्या हायत, पंखा हाय, बाथरूमला गीझर हाय, गरम पाणी नळाला येतं.”

“गीझर बंद पडलेला म्हणालास ना काल?”

“माणूस बोलावून केला दुरुस्त. आतल्या कॉइलवर पांढरा थर धरलेला, बोटभर जाड. बोअरचं पाणी हाय ना आमच्याकडे. विषय बदलू नको.”

विमलाबाईंनी बदलला नाही. मुलगा चांगला होता, सून समजूतदार होती, तिथे त्यांना कुणी टाकून बोललं नसतं. पण मुंबईच्या त्या दोन खोल्यांत त्या चार दिवस राहून आल्या होत्या. सकाळी उठून हाताला काम नव्हतं, आणि सून ऑफिसला जाताना रोज विचारायची, “आई, टीव्ही लावून देऊ का?” इथे त्या विमला गोताड होत्या, फोडीवाल्या. तिथे त्या समर्थची आई म्हणून सोफ्यावर बसून राहणार होत्या. त्यांनी सौदा केला. “दिवाळीचा घाणा करू दे. तू ये, तूच खा. मऊ निघाला तर पडवीला कुलूप लावून तुझ्याबरोबर येते.”

“शब्द?”

“शब्द.”

समर्थने दिवाळीनंतरच्या परतीची दोन तिकिटं तेव्हाच काढून ठेवली. आई शब्द मोडत नाही हे त्याला माहीत होतं, आणि फोड मऊच होणार याची खात्री होती.

आता राहिला चुना. शिरगावच्या खाडीकडे सदू भट्टी लावतो, तिसऱ्यांच्या शिंपा भाजून पानाचा चुना करतो आणि आठवडा बाजारात विकायला बसतो. विमलाबाई पहिल्यापासून त्याचंच गिऱ्हाईक. चुना उघड्यावर पडून राहिला की हवेने मरतो, मग त्याची निवळी होत नाही, हे त्यांनी ऐकलेलं होतं. बाकी सगळं बदलून झाल्यावर संशय त्याच्यावरच गेला. त्या बाजारात गेल्या आणि भर गर्दीत म्हणाल्या, “सदू, मेलेला चुना विकतोस. माझं वर्ष घालवलंस.”

सदू पान लावत होता, तो थांबला. “कोण म्हणतो मेला?”

“माझ्या फोडी म्हणतात.”

“फोडींना तोंड फुटलं काय गो वैनी? मग तुमचं कशाला चाललंय एवढं?” आजूबाजूचे हसले. सदू मात्र हसला नाही. शेजारी बसलेल्या पानवाल्याने दोन पुड्या घ्यायला काढल्या होत्या, त्या परत ठेवल्या, हे त्याने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो पत्र्याच्या डब्यात भट्टीतला ताजा कळीचा चुना घेऊन खेडशीत हजर झाला. विमलाबाईंनी बसायला सांगितलं तरी बसला नाही. पडवीतलं मडकं स्वतः ओढलं, खडे आत टाकले आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. चुना फुसफुसला, उकळला, मडक्याच्या तोंडातून वाफ आली. मैना चार पावलं मागे सरली.

“मेलेला उकळतो असा?” सदूने विचारलं.

सदूने चुना निवेपर्यंत अंगणात विडी ओढली, मग विहिरीवरून कळशी आणून ते गार पाणी मडक्यात घातलं, काठीने ढवळलं आणि वर फडकं बांधलं. “उद्या सकाळी बघा. आणि बघून झालं की बाजारात येऊन सांगा. बाजारात बोललात तर बाजारातच सांगायचं.”

सकाळी विमलाबाईंनी फडकं सोडलं. निवळी नितळ होती आणि तिच्यावर पातळ काचेसारखी साय धरली होती. ही साय त्यांनी वर्षभरात धड पाहिली नव्हती. निवळी जोरकस असली की हवेशी लागून वर साय धरते, हे आनंदीबाईंच्या मडक्यात त्यांनी रोज बघितलेलं. म्हणजे चुना चांगला होता. मग त्यांनी हळदीची चिमूट टाकून पाहिली, ती लाल झाली. पण हळद तर त्यांच्या नेहमीच्या निवळीतही लालच व्हायची. चुना आहे एवढं हळद सांगत होती. किती आहे, ते तिला सांगता येत नव्हतं.

इथवर येऊनही विमलाबाईंनी ती निवळी तशी वापरली नाही. पाणी विहिरीचं, कच्चं, सदूने आपल्या हाताने ओढलेलं. नियम तो नियम. त्यांनी निवळी अलगद स्टीलच्या पातेल्यात काढली आणि उकळायला गॅसवर ठेवली.

पातेलं गरम झालं तशी निवळी धुरकटली. आधी तळाशी, मग सगळीकडे. उकळी फुटायच्या आत ती पाणी घातलेल्या ताकासारखी दिसू लागली.

“अगो बाय, नासली!” मैना ओरडली.

“दूध नासतं. पाणी कधी नासलेलं बघितलंस?”

“मग हे काय झालं?”

पातेलं खरकटं असेल म्हणून विमलाबाईंनी दुसरं घासून घेतलं, मडक्यातून पुन्हा नितळ निवळी काढली आणि पुन्हा तापवली. तेच झालं. वरून काही पडलं नव्हतं, आत काही मिसळलं नव्हतं, फक्त आच लागली होती. त्यांनी गॅस बंद केला, पातेलं झाकलं आणि बाजूला ठेवून दिलं. अधूनमधून येऊन ढवळून जायच्या. दुपार टळली तोवर पातेलं गार झालं होतं आणि पाणी पुष्कळसं परत निवळलं होतं, तळाशी बोटाला लागेल एवढी पांढरी राख राहिली होती.

विमलाबाई त्या राखेकडे बघत राहिल्या. मग चुलीशेजारच्या पाकाच्या कढईकडे बघितलं. एकाच पडवीत दोन पदार्थ होते आणि दोघांची तऱ्हा उलटी होती. साखर गरम पाण्यात विरघळते, गार होताना खडे धरते. चुना गार पाण्यात विरघळतो, गरम होताना बाहेर पडतो. वर्षभर त्या चुन्याला साखरेचा नियम लावत होत्या.

रसायनशास्त्राच्या हिशेबात हे असं आहे: वीस अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, उकळत्या पाण्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी. बहुतेक पदार्थ पाणी तापलं की जास्त विरघळतात, कॅल्शियमचे काही क्षार मात्र या बाबतीत उफराटे आहेत. विमलाबाई वाफाळत्या पाण्यात चुना घालत होत्या, म्हणजे त्याला विरघळायला मुळातच कमी वाव होता. आणि निवळी पुरती गार व्हायच्या आत गाळून तळाचा चुना माडाला घालत होत्या. नंतर गार झालेल्या पाण्याला आणखी चुना हवा असला तरी तो आता तिथे नव्हता. फोडींच्या वाट्याला फिकट निवळी येत होती.

त्यांना यातले ग्रॅम माहीत नव्हते, पण गीझरमधला बोटभर जाड थर आठवला. त्यांनी समर्थला फोन लावला.

“आई, लिफ्टच्या डक्टमध्ये हाय मी. पडलीस काय कुठे?”

“मी कशाला पडते? तुझ्या गीझरचा थर कुठे धरलेला रे? गार पाण्याच्या नळाला पण होता काय?”

“काय?”

“नळाला होता काय थर?”

“नळाला कशाला असेल? कॉइलवर होता. जिथे तापतं तिथेच धरतो तो.” पलीकडून कुणीतरी समर्थला हाक मारली. “आई, तुला गीझर हवाय काय तिकडे?”

“नको,” विमलाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

कारण कळलं तरी बुरशीचा प्रश्न होताच. कच्च्या पाण्यावर त्या परत जायला तयार नव्हत्या, आणि इथे त्यांच्या हट्टीपणाचा उपयोग झाला. पाणी उकळायचं, झाकून ठेवायचं, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय चुन्याजवळ न्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. मडक्याला ओलं गोणपाट गुंडाळायचं. निवळी रात्रभर तळच्या चुन्यावरच राहू द्यायची आणि सकाळी, उन्हं यायच्या आत काढायची.

“फ्रीजमधे ठेवू काय मडकं?” मैनाने चेष्टेने विचारलं.

“मावत असतं तर ठेवलं असतं,” विमलाबाई गंभीरपणे म्हणाल्या.

पुढच्या आठवडा बाजाराला त्या सदूसमोर उभ्या राहिल्या. बाजार भरला होता, पानवालाही शेजारी होता. “सदूचा चुना चांगला हाय,” त्या आवाज न उतरवता म्हणाल्या. “चूक माझी होती. मी गरम पाणी घालत होते. बाजारात बोलले होते, बाजारातच मागे घेते.” मग कारणही सांगितलं, पातेल्यात काय झालं ते, सगळं. अशी माफी मागायला लोक बाजार उठायची वाट बघतात, किंवा घरी नारळ पाठवतात. विमलाबाईंनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. सदूने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आमचा बाप म्हणायचा, निवळी उन्हात ठेवू नको. आमाला वाटायचं, कावळे तोंड घालतात म्हणून.” मग त्याने त्यांना चुन्याची पुडी बांधून दिली. पैसे मात्र नेहमीसारखे घेतले, आणि ते विमलाबाईंना बरं वाटलं.

दिवाळीचा घाणा त्यांनी निवर कोहळ्यांचा केला. निवळीवर साय धरली. रात्रभर बुडवलेल्या फोडी सकाळी हाताला खड्यासारख्या लागल्या. चार पाण्यांनी धुतल्या, शिजवल्या, पाकात सोडल्या. शिजताना मैना दर थोड्या वेळाने झारा घालून एखादी दाबून बघायची आणि विमलाबाई तिच्या हातावर मारायच्या. स्वतः त्यांनी एकही फोड चाखली नाही. सौदा समर्थशी होता.

तो धनत्रयोदशीला पोचला, सॅक पाठीवरच होती. आई पडवीत बशी घेऊन उभी होती.

“हातपाय तरी धुऊ दे.”

“आधी खा.”

विमलाबाई त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. समोर धुतलेल्या रिकाम्या बरण्या उपड्या घातलेल्या होत्या, भिंतीला मैना टेकली होती. मागून आवाज आला, कर्र. मग थोडं थांबून दुसरा, पहिल्यापेक्षा मोठा. तिसऱ्या आवाजाला मैना म्हणाली, “अरे, बाजारात न्यायला ठेवशील की नाय?”

विमलाबाई वळल्या. समर्थच्या हनुवटीवरून पाक ओघळला होता. त्यांनी चुलीवरच्या उकळत्या पाण्यातून बरण्यांची झाकणं काढली आणि बरण्या सरळ करायला घेतल्या.

भाऊबीज झाल्यावर समर्थ परत निघाला. आत्मारामांना द्यायच्या बरण्या आदल्या दिवशीच पोचल्या होत्या. त्यांनी दुकानातच एक उघडली, खाल्ली, आणि परत आलेल्या बरण्यांच्या जागी नव्या मांडल्या. स्टेशनवर विमलाबाई मुलाला सोडायला गेल्या, बरोबर बरण्यांचं दोरीने बांधलेलं खोकं होतं. समर्थच्या ऑफिसातले लोक, सुनेच्या मैत्रिणी, आणि गीझर दुरुस्त करणारा माणूस, असा त्यांचा हिशेब होता. गीझरवाल्याला बरणी द्यायचीच, असं त्यांनी मुलाला दोनदा बजावलं.

“एवढं ठेवू कुठे आई? गाडी भरलेली असते.”

“माझी जागा हाय ना शेजारी,” विमलाबाई म्हणाल्या. “तिकीट काढलंयस की माझं.”

गाडी सुटली तेव्हा खिडकीशी समर्थ होता आणि शेजारच्या जागेवर खोकं.